यंत्रावरचं कुलूप काढताना

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्प, भगूर, विहितगाव या पट्ट्यातली बरीच माणसं रोज अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत कामाला जातात. कोणी फिटर, कोणी वायरमन, कोणी प्रेसवर ऑपरेटर, तर कोणी कंत्राटदाराकडे हेल्पर. यंत्रावर लावलेलं लाल कुलूप यातल्या बहुतेकांच्या ओळखीचं असतं. ते कसं लावायचं हे प्रशिक्षणात शिकवतात, भिंतीवर त्याची चित्रंही लावलेली असतात. काढायचं कसं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही.

जोखीम तर तिथेच जास्त असते. कुलूप लागलेलं असताना यंत्र बंद असतं. ते निघालं की यंत्र चालू होण्याच्या वाटेवर असतं, आणि त्या वेळी कोणाचा हात आत असेल, पाना लेथच्या चकात राहिला असेल किंवा मशीनमागे कोणी वाकून बसला असेल, तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून कुलूप काढण्याचे टप्पे क्रमाने पाहू या. आपण कारखान्यात कधी पाऊल टाकलं नसेल तरी चालेल. घरातलं कोणी जात असेल तर त्याच्यासाठी वाचा.

कुलूप असतं कशासाठी

यंत्राची दुरुस्ती करायची तर आधी त्याची वीज तोडतात. ज्या खटक्याने ती पूर्ण तुटते त्याला आयसोलेटर म्हणतात. तो बंद करून त्याच्या मुठीला कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची आणि कुलपाला आपल्या नावाची पाटी अडकवायची. या पद्धतीचं नाव लॉकआउट-टॅगआउट; कारखान्यात तिला थोडक्यात ‘लोटो’ म्हणतात. अमेरिकेत १९८९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम झाला. आपल्याकडच्या मोठ्या कारखान्यांतही ही पद्धत आता रुळली आहे.

तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढायचं. पाच जण काम करत असतील तर कुलपंही पाच. त्यासाठी हॅस्प वापरतात. हॅस्प म्हणजे पाच-सहा भोकांची, मिटणारी लोखंडी कडी. ती खटक्याला अडकवली की प्रत्येक जण एकेका भोकात आपलं कुलूप लावतो. शेवटचं कुलूप निघेपर्यंत कडी उघडत नाही, म्हणजे खटकाही वर होत नाही.

काम मोठं असेल तर वीज, हवा, वाफ अशा सगळ्या ठिकाणच्या कुलपांच्या किल्ल्या एका पेटीत टाकतात आणि त्या पेटीला प्रत्येक जण आपलं कुलूप लावतो. नियम तिथेही तोच.

थोडक्यात, लटकलेलं प्रत्येक कुलूप सांगत असतं की एक माणूस अजून यंत्रात आहे. तो माणूस कुठे आहे हे कळल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

कुलूप कोणतं, हे आधी ओळखा

कारखान्यात दोन प्रकारची कुलपं असतात. स्टोअरच्या दाराला, हत्यारांच्या पेटीला, पॅनेलच्या झाकणाला लावलेलं कुलूप चोरीसाठी असतं. त्याच्या दोन-तीन किल्ल्या असतात आणि त्या कोणाकडेही असू शकतात. सुरक्षेचं कुलूप वेगळ्या रंगाचं असावं, त्यावर पाटी असावी आणि त्याची किल्ली एकाच माणसाकडे असावी.

लहान कारखान्यांत इथेच गफलत होते. मालक बाजारातून एकाच जातीची डझनभर स्वस्त कुलपं आणतो आणि वाटून टाकतो. अशा कुलपांत एकाची किल्ली दुसऱ्याला लागणं काही नवलाचं नाही. आपली किल्ली शेजारच्याच्या कुलपात घालून पाहा. फिरली, तर ते कुलूप दाराला ठेवा. यंत्राला लावू नका.

दुसरी गफलत ड्रॉवरमधल्या मास्टर किल्लीची. साहेबाच्या ड्रॉवरमध्ये सगळी कुलपं उघडणारी किल्ली आहे हे एकदा विभागाला कळलं की अडचणीच्या वेळी पावलं तिकडेच वळतात. अशी किल्ली ठेवायचीच असेल तर तीही कुलपात ठेवावी आणि काढताना वहीत सही घ्यावी.

नेहमीचं कुलूप काढणं: सात पायऱ्या

काम संपलं आहे, सगळे हजर आहेत, अशा साध्या दिवसापासून सुरुवात करू या. बहुतेक चुका अशाच दिवशी होतात, कारण सगळ्यांना घाई असते.

पहिली पायरी, हत्यारं मोजणं. कामाला बसताना किती पाने, हातोडे, टॉर्च घेतले होते ते आठवा आणि तेवढेच परत आले का ते पाहा. लेथवर चक घट्ट करायची किल्ली चकातच राहिली आणि मोटर फिरली, तर ती गोळीसारखी सुटते. चिंध्या आणि कॉटन वेस्टही काढून घ्या. बेल्टमध्ये अडकलेली चिंधी पाहून हात नकळत पुढे जातो.

दुसरी पायरी, गार्ड परत बसवणं. बेल्ट, गिअर, शाफ्ट यांच्यावरची जाळी किंवा झाकण म्हणजे गार्ड. ‘आधी चालवून बघू, मग बसवू’ असं म्हणतात आणि चाललं की ते राहूनच जातं. गार्ड उघडला की मशीन थांबवणारा लिमिट स्विच काही ठिकाणी दोरीने किंवा चिकटपट्टीने दाबून ठेवलेला असतो. दुरुस्तीसाठी तसं केलं असेल तर कुलूप निघण्याआधी ते सोडवा.

तिसरी पायरी, माणसं मोजणं. हाका मारून मोजू नका. प्रेस शॉपच्या आवाजात हाक पोहोचत नाही. एकेका नावाचा माणूस समोर उभा दिसला पाहिजे. मग मशीनच्या मागे, खालच्या खड्ड्यात, वरच्या प्लॅटफॉर्मवर स्वतः जाऊन पाहा. कंत्राटदाराचा हेल्पर आणि सफाईचा माणूस हे दोघे या मोजणीत हमखास सुटतात. त्यांनी कुलूप लावलेलं नसतं, म्हणून ते कोणाच्या हिशेबातच नसतात.

चौथी पायरी, सगळी बटणं बंद स्थितीत आणणं. काम सुरू करताना आपण मुख्य खटका पाडला, पण मशीनचा सिलेक्टर ‘ऑटो’वरच राहिला असेल, तर वीज येताच काही मशीन आपोआप फिरू लागतात. सिलेक्टर बंदवर किंवा मॅन्युअलवर आणा. पायाने दाबायच्या पेडलवर काही पडलेलं नाही ना, तेही पाहा.

पाचवी पायरी, साठलेल्या शक्तीचा विचार. वीज तुटली तरी यंत्रात जोर उरतो. सिलिंडरमध्ये हवेचा दाब असतो, हायड्रॉलिकच्या नळ्यांत तेलाचा, ताणलेल्या स्प्रिंगमध्ये ताण, आणि वर उचललेल्या भागात त्याचं स्वतःचं वजन. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही मिनिटं धक्का देण्याइतका भार राहतो. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवरच छापलेलं असतं.

प्रेसचं उदाहरण घेऊ. वरून खाली येणाऱ्या जड भागाला रॅम म्हणतात. डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, काम करताना रॅम अडवायला खाली लोखंडी ठोकळा लावतात. काम झाल्यावर तो ठोकळा काढताना हात रॅमखालीच जातो. म्हणून ठोकळा निघेपर्यंत मोटरचं कुलूप लागलेलंच हवं आणि फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं हवं. मोटर बंद केल्यावरही हे जड चाक बराच वेळ फिरत राहतं. रॅमचं वजन हवेच्या दाबावर पेललेलं असेल तर तो दाब आधी परत आला पाहिजे. ठोकळ्याला दांडा बसवून घ्या, म्हणजे तो बाहेर उभं राहून ओढता येतो.

सहावी पायरी, आपापलं कुलूप काढणं. प्रत्येकाने स्वतः खटक्यापाशी यायचं, आपल्या किल्लीने आपलं कुलूप उघडायचं, आपली पाटी काढून घ्यायची. ‘माझंही काढ रे, ही घे किल्ली’ हे अजिबात नको. किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली की मोजणी विसकटते. ज्याच्यावर कामाची जबाबदारी आहे त्याचं कुलूप सर्वांत शेवटी निघतं.

सातवी पायरी, वीज देणं. पॅनेलचं दार लावून घ्या. खटका वर करताना पॅनेलच्या समोर उभं राहू नका. बाजूला उभे राहा आणि तोंड दुसरीकडे वळवा. आत काही चूक राहिली असेल तर ठिणगीचा लोळ समोरच्या दिशेने येतो. हवेचा व्हॉल्व्ह एकदम उघडू नका. दाब अचानक आला की रिकामा सिलिंडर झटक्याने पुढे येतो. तो सावकाश फिरवा, सिलिंडर जागेवर बसू द्या.

यानंतर मशीन एकदा माल न लावता चालवून पाहायचं आणि मगच ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं. कोणता भाग बदलला, आवाज वेगळा येईल का, हे त्याला तोंडी सांगा.

पाळी बदलताना

दुपारी तीनला पहिली पाळी सुटते असं धरा. काम अर्धवट आहे. पहिल्या पाळीचा फिटर आपलं कुलूप काढून बसकडे पळतो आणि दुसऱ्या पाळीचा अजून चहा घेतोय. मधल्या दहा मिनिटांत खटक्यावर कुलूपच नसतं. कोणी तरी ‘मशीन मोकळं दिसतंय’ म्हणून चालू करतो.

म्हणून इथे क्रम उलटा हवा. येणाऱ्याने आधी आपलं कुलूप लावायचं, मग जाणाऱ्याने आपलं काढायचं. दोघं खटक्यापाशी एकत्र उभे राहिले पाहिजेत. काय उघडलं आहे, काय बसवायचं राहिलं आहे, हे मशीनजवळ हाताने दाखवून सांगायचं, नुसतं वहीत लिहून नाही.

ही कडी निसटली की काय होतं याचं सर्वांत भयंकर उदाहरण उत्तर समुद्रातलं आहे. ६ जुलै १९८८ च्या रात्री पायपर अल्फा या तेलफलाटावर स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती चकती बसवली होती. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीने पहिला सुरू केला. व्हॉल्व्ह जागेवर नाही, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत नीट पोहोचलीच नव्हती. त्या चकतीपाशी वायू गळला आणि पेटला. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते कामाच्या परवान्याच्या आणि पाळी सोपवण्याच्या ढिसाळ पद्धतीवर.

कुलूपवाला सापडत नाही तेव्हा

आता अवघड दिवस. मशीन तयार आहे, उत्पादन अडलं आहे, सुपरवायझरला वरून फोन येतोय, आणि हॅस्पवर एक कुलूप लटकलेलं आहे. ज्याचं आहे तो किल्ली खिशात घालून बसने लॅम रोडला उतरलाही असेल. लगेच कोणी तरी बोल्ट कटर आणतो. इथे थांबायचं.

कुलूप तोडायला एक मिनिट लागतं, माणूस शोधायला अर्धा तास. तो अर्धा तास वाचवायचा नाही. खालच्या पायऱ्या या क्रमानेच करा.

एक, पाटी वाचा. नाव, विभाग, फोन, तारीख, वेळ, कशासाठी कुलूप लावलं ते. पाटी पुसट असेल किंवा नुसतं ‘मेंटेनन्स’ लिहिलं असेल, तर तो माणूस कोण हे वहीतून आणि सोबत्यांकडून नक्की करा. अंदाज नको.

दोन, मशीन पाहा. ज्याला आपण घरी गेला म्हणतो तो आत असू शकतो. टाकीत, खड्ड्यात, कन्व्हेअरखाली. टाकीत उतरलेला माणूस गुदमरून बेशुद्ध पडला असेल तर त्याची हाक येणार नाही. म्हणून टॉर्च घेऊन प्रत्येक कोपरा पाहा. टाकीत मात्र स्वतः उतरू नका. दारातून पाहा आणि संशय आला तर बचावाची साधनं असलेल्यांना बोलवा. गुदमरलेल्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच पडतो, ड्रेनेजच्या चेंबरमधले असे अपघात आपण वारंवार वाचतो.

तीन, गेटवर विचारा. हजेरीच्या मशीनवर त्याचं बाहेर पडणं नोंदलं आहे का, सुरक्षारक्षकाने त्याला जाताना पाहिलं का. दुसऱ्याने त्याचं कार्ड पंच केलं असण्याची शक्यताही डोक्यात ठेवा. नोंद आणि पाहणारा माणूस, दोन्ही जुळले पाहिजेत.

चार, फोन लावा, आणि त्याच्याशीच बोला. बायकोने ‘घरी आलेत’ म्हटलं तर चांगलंच, पण काम कुठवर आलं होतं हे तोच सांगू शकतो. नट अर्धे कसले होते का? आत काही ठेवलं होतं का? तो जवळ राहत असेल तर किल्ली घेऊन परत बोलवा. नाशिकरोडहून किंवा कॅम्पातून गाडी पाठवून किल्ली आणायला लागणारं पेट्रोल यात सर्वांत स्वस्त.

पाच, फोन लागला नाही तर निर्णय एकट्याने घेऊ नका. कुलूप तोडायची परवानगी लेखी असावी आणि ती देणारा माणूस आधीच ठरलेला असावा. विभागप्रमुख किंवा सुरक्षा अधिकारी. त्याने स्वतः मशीनजवळ येऊन पाहावं. फोनवरून ‘तोड रे, मी आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

सहा, मशीन पुन्हा पहिल्यापासून तपासा. आधीच्या सातपैकी पहिल्या पाच पायऱ्या नव्याने करायच्या. ज्याचं कुलूप होतं त्याने काय अर्धवट सोडलं ते आपल्याला माहीत नाही, हे धरूनच.

प्रत्यक्ष तोडताना

इथपर्यंत सगळं नीट केलं तरी कुलूप तोडण्याचं काम स्वतःच धोक्याचं आहे. बहुतेकांना ते किरकोळ वाटतं, म्हणून चष्मासुद्धा न लावता लोक हात घालतात.

कुलपाच्या वाकड्या दांडीला कडी म्हणू. चांगल्या कुलपाची कडी कठीण पोलादाची असते. बोल्ट कटरच्या जबड्यात ती वाकत नाही, तडकते, आणि तुकडा उडतो. तो डोळ्यात गेला तर डोळाच जातो. साधा चष्मा पुरेसा नाही. बाजूनेही झाकणारा सुरक्षा-चष्मा आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल हवी. कुलपावर जाड फडकं टाकून कापलं तर तुकडे त्यातच अडकतात.

कटर लहान असेल तर लोक मुठींना पाइप घालून जोर लावतात. जबडा तुटतो किंवा कडी अचानक सुटते आणि हात पॅनेलवर आपटतो. कडीच्या जाडीला साजेसा कटर घ्या. पाय घट्ट रोवून, खटक्याच्या बाजूला उभं राहून कापा. शिडीवर उभं राहून तर मुळीच नाही. उंचावर कुलूप असेल तर प्लॅटफॉर्म लावून घ्या.

ग्राइंडरने कापायचं ठरलं तर धोका वाढतो. चकती कडीत अडकली की ग्राइंडर हातातून उसळतो, चकती फुटू शकते. ग्राइंडरचा गार्ड काढलेला नको, चकतीवर छापलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी नको. ठिणग्या बऱ्याच लांब जातात. जवळ थिनर, रंग, तेलकट चिंध्या किंवा गॅस सिलिंडर असेल तर ते आधी हलवा, जागेवर अग्निशामक नळकांडं ठेवा आणि आगीच्या कामाचा वेगळा परवाना घ्या. कापलेली कडी तापलेली असते, ती हाताने उचलू नका.

ग्राइंडरचा आणखी एक त्रास लगेच दिसत नाही. लोखंडाची बारीक भुकटी पॅनेलच्या फटींत जाते आणि पुढे कधी तरी शॉर्टसर्किट करते. म्हणून पॅनेलवरचं कुलूप शक्यतो कटरनेच तोडा. ग्राइंडर लागलाच तर फटी ओल्या कापडाने नव्हे, कोरड्या झाकणाने बंद करा.

हातोडा आणि छिन्नी वापरू नका. ठोके बसले की आयसोलेटरची मूठ वाकते किंवा आतली पट्टी सरकते. बाहेरून खटका ‘बंद’ दिसतो आणि आतून वीज चालू असते. गॅस कटरची ज्योतही पॅनेलजवळ नको.

तोडणाऱ्याने सैल बाही, लटकणारं ओळखपत्र, हातातलं कडं काढून ठेवावं. दुसरा एक माणूस फक्त पाहायला उभा असावा, आणि तोडणाऱ्याच्या मागे कोणी येणार नाही याची काळजी त्याने घ्यावी.

कुलूप निघालं म्हणजे लगेच खटका वर करायचा नाही. तुटलेलं कुलूप आणि पाटी बाजूला ठेवा, त्यांचा फोटो काढा, वहीत वेळ आणि कोणाच्या परवानगीने ते लिहा. मग वर सांगितलेली सातवी पायरी.

आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट: ज्याचं कुलूप तोडलं त्याला, तो पुढच्या पाळीला कामावर हात लावण्याआधी, समोरासमोर सांगा. नाही तर तो सकाळी येईल, आपलं कुलूप अजून जागेवर आहे या समजुतीने थेट मशीनमध्ये हात घालेल. अमेरिकेच्या १९८९ च्या नियमातही हे बजावून सांगितलं आहे.

विजेच्या तारांवर तेच, वेगळ्या नावाने

कुलपाचा हा नियम कारखान्याबाहेरही पाळला जातो. महावितरणचा लाइनमन खांबावर चढण्याआधी उपकेंद्रातून परमिट घेतो, म्हणजे लाइन बंद ठेवल्याची लेखी हमी. परमिट ज्याने घेतलं त्यानेच परत करायचं. त्याआधी त्याने खांबावरची माणसं खाली उतरवून मोजायची आणि तारांना लावलेले अर्थिंगचे रॉड काढून घ्यायचे. ‘काम झालं असेल’ या अंदाजावर लाइन चालू करणं म्हणजे दुसऱ्याचं कुलूप तोडणं.

देवळाली स्टेशनवरून जाणाऱ्या मार्गावर गाड्यांसाठी डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिच्यावर काम करायला रेल्वेचे लोक ‘पॉवर ब्लॉक’ घेतात, काम चालू असलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना रॉड लावून तार जमिनीला जोडतात. ब्लॉक परत देताना क्रम उलटा होतो: माणसं, हत्यारं, रॉड, मग लेखी निरोप, मग वीज.

आपल्यासाठी यात एक धडा आहे. वस्तीत लाइन बंद असताना घरचा किंवा दुकानाचा जनरेटर चेंजओव्हर स्विच न लावता थेट वायरिंगला जोडला, तर वीज उलटी जाऊन खांबावरच्या माणसापर्यंत पोहोचू शकते. त्याचं परमिट, त्याचं कुलूप, काहीही त्याला वाचवत नाही.

गिरणी, बेकरी आणि शेतातला पंप

लहान जागी लाल कुलपं नसतात. पिठाची गिरणी, बेकरीचा पीठ मळायचा मिक्सर, रसवंती, इथे वायरमन किटकॅट फ्यूज काढतो आणि खिशात टाकतो. सवय चांगली आहे, पण अपुरी. दुसरा कोणी शेजारचा किटकॅट काढून तिथे बसवू शकतो. बहुतेक मेन स्विचच्या मुठीला भोक असतं; मेन पाडून फ्यूज काढल्यावर त्यात कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. एमसीबी असेल तर तिला बसणारी कुलपाची क्लिप बाजारात स्वस्तात मिळते.

दारणा नदीच्या काठच्या शेतांत वेगळाच घोळ दिसतो. मोटरच्या स्टार्टरची पेटी चोरीच्या भीतीने कुलूपबंद असते आणि आत ‘ऑटो’ बसवलेला असतो, वीज आली की मोटर आपोआप चालू करणारा. शेतीची वीज अनेकदा रात्री येते, म्हणून ही सोय. पण वीज नसताना कोणी मोटर उघडून बसला आणि तेवढ्यात वीज आली, तर मोटर त्याला विचारत नाही. पेटीचं कुलूप इथे सुरक्षेचं नाही. उलट कोणाला शॉक बसला तर किल्ली घरी आणि खटका कुलपाआड, अशी गत होते.

म्हणून दोन गोष्टी करा. मोटरला हात लावण्याआधी ऑटो काढा, मेन स्विच पाडा, फ्यूज काढा आणि मेनलाच कुलूप लावा, पेटीला नाही. आणि पेटीबाहेर सहज हाताशी येईल असा बंद करायचा एक खटका बसवून घ्या.

कायदा आणि आपला हक्क

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये फिरत्या भागांना कुंपण घालण्याची आणि कलम २२ मध्ये चालू यंत्रावर कोण, कोणत्या कपड्यांत काम करू शकतो याची तरतूद होती. हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत सामावला गेला आहे. विजेच्या कामासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सुरक्षा नियमावली आहे. राज्यात कारखान्यांची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करतं, त्याचं कार्यालय नाशिकलाही आहे.

कोणी घाई करून दुसऱ्याचं कुलूप तोडायला सांगितलं तर ‘लेखी द्या आणि स्वतः इथे या’ एवढंच शांतपणे म्हणा. बहुतेक वेळा सांगणारा तेवढ्यानेच माघार घेतो. कंत्राटी कामगारानेही हे म्हणायला हरकत नाही. कुलपावर त्याचं नाव कायम कामगाराइतकंच मोजलं जातं.

उद्या पाळीवर गेलात की आपल्या विभागात लटकलेल्या कुलपांवरच्या पाट्या वाचून पाहा. ज्याचा फोन बदलला आहे, ज्याची बदली झाली आहे, जो नोकरी सोडून गेला आहे, अशांची नावं एक-दोन पाट्यांवर सापडतील. ती कुलपं दिवसाउजेडी, सगळे हजर असताना, वरच्या पायऱ्यांनी काढून घ्या. रात्री अकराला उत्पादन अडल्यावर त्यांच्यापुढे कटर घेऊन उभं राहण्याची वेळ येऊ देऊ नका.